शब्दकोशासाठी जुनी इंग्रजी पुस्तके: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून वडिलांना लिहिलेल्या इंग्रजी पत्रातला एक शब्द कोशात घ्यायचा आहे. पत्राची तारीख 10 नोव्हेंबर 1579, पण मजकूर हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात मिळतो. अवतरणाला साल कोणते द्यावे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: 1589 द्या, आणि पत्राची तारीख त्याच्या शेजारी वेगळी दाखवा: '1579, हॅक्लूट 1589 मध्ये'. आपल्यापुढे ‘क्रिस्तपुराण’कार स्टीफन्सच्या हातचा कागद नाही. रिचर्ड हॅक्लूटने लंडनमध्ये दहा वर्षांनी छापवलेला मजकूर आहे. मधल्या काळात नक्कल करणाऱ्याने किंवा छापखान्यातल्या जुळाऱ्याने स्पेलिंग बदललेले असू शकते. शब्द स्टीफन्सचा मानायला हरकत नाही, पण त्याचे हे छापील रूप 1579चे म्हणता येणार नाही.

खरा धोका पुढे आहे. हेच पत्र हॅक्लूटच्या दुसऱ्या आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात 1599 साली पुन्हा छापले गेले. त्यासाठी छपाईचे खिळे नव्याने जुळवले, म्हणजे स्पेलिंग आणि विरामचिन्हे पुन्हा जुळाऱ्याच्या हाती गेली. ग्लासगोहून 1903 ते 1905 या काळात निघालेली 12 खंडांची आवृत्ती या दुसऱ्या आवृत्तीवरून केली आहे, आणि अभ्यासकांच्या हाती बहुधा तीच पडते. तिच्यातून ओळ उतरवून वर 1589 लिहिणे म्हणजे कोशात खोटा पुरावा ठेवणे. म्हणून आवृत्तीची ओळख पटवणारा क्रमांक अवतरणाच्या चिठ्ठीवर हवाच. 1640पर्यंतच्या पुस्तकांसाठी पोलार्ड आणि रेडग्रेव्ह यांच्या सूचीतला क्रमांक देतात. हॅक्लूटची पहिली आवृत्ती 12625, दुसरी 12626. 1641 ते 1700 या काळासाठी विंग यांची सूची वापरतात.

पत्र नोव्हेंबरचे आहे, म्हणून सालाचा घोळ नाही. इंग्लंडमध्ये 1751 अखेरपर्यंत कायदेशीर नवे वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे 10 फेब्रुवारी 1598 अशी तारीख दिसली, तर आजच्या हिशेबाने ते बहुधा 1599 असते. अशी तारीख '1598/99' अशी जोडून लिहा. शीर्षकपानावरचे साल मात्र या नियमाने आपल्या मनाने बदलू नका.

प्रश्न: पुस्तकात पृष्ठांकच नाहीत, किंवा आहेत ते चुकलेले आहेत. संदर्भ कसा द्यायचा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: फर्म्याच्या खुणेने. छापलेला ताव घडी घालून त्याचा जुडगा, म्हणजे फर्मा, होई, आणि बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून जुडग्यातल्या पहिल्या काही पानांच्या पुढच्या बाजूला, तळाशी, अक्षर आणि आकडा छापत. क्वार्टो पुस्तकात एका तावाची चार पाने (म्हणजे आठ पृष्ठे) होतात. त्यांवर बी, बी2, बी3 अशा खुणा दिसतात, चौथ्या पानावर बहुधा खूण नसते. ते बी4 धरायचे. त्याच्या मागच्या बाजूला ओळ असेल तर 'बी4 मागे'. मोठ्या पुस्तकात पृष्ठावर दोन रकाने असतील तर रकानाही सांगा.

मोजताना लक्षात ठेवा की या खुणांची वर्णमाला 23 अक्षरांची आहे. आय आणि जे मिळून एक, यू आणि व्ही मिळून एक, आणि डब्ल्यू नाही. झेडनंतर दुहेरी अक्षरे (एए, बीबी) सुरू होतात. प्रस्तावनेचे फर्मे बहुधा शेवटी छापत, म्हणून त्यांना तारा किंवा परिच्छेदचिन्हासारखी निराळी खूण असते.

पृष्ठांकांवर का विसंबू नये, हे शेक्सपिअरच्या 1623च्या फोलिओवरून (ताव एकदाच दुमडून केलेल्या मोठ्या आकाराच्या पुस्तकावरून) कळते. त्यात सुखात्मिका, ऐतिहासिक नाटके आणि शोकात्मिका या तिन्ही भागांचे अंक 1पासून पुन्हा सुरू होतात. नुसते 'पृष्ठ 93' म्हटले तर जागा निदान तीन. शिवाय 'हॅम्लेट'मध्ये 156नंतर थेट 257 येते. चुकलेला अंक द्यायचाच असेल तर जसा छापला आहे तसा द्या आणि खूण जोडा. काही पुस्तकांत अंक पृष्ठाला नसून पानाला असतो. तिथे पुढची बाजू की मागची, हे सांगितल्याशिवाय संदर्भ अर्धाच राहतो.

प्रश्न: लांब एस (एफसारखा दिसणारा जुना ſ), यू-व्हीची अदलाबदल वगैरे जसेच्या तसे ठेवावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: लांब एसचा साधा एस करा. तो खिळ्याच्या आकाराचा भेद आहे, स्पेलिंगचा नव्हे. पण यू-व्ही आणि आय-जे यांना हात लावू नका. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला व्ही आणि मध्ये यू अशी रीत होती, उच्चार काहीही असो. म्हणून 'लव्ह'मध्ये यू आणि 'अपॉन'च्या आरंभी व्ही दिसतो. शब्द कोणत्या रूपात छापला गेला हेच कोशाला दाखवायचे असते. स्वरावरची आडवी रेघ म्हणजे गाळलेला एम किंवा एन. तो भरून काढा, पण भरलेले अक्षर चौकटी कंसात ठेवा. वायवर छोटा ई असेल तर तो शब्द 'द' आहे, 'यी' नव्हे.

चुका सर्वात जास्त होतात त्या यंत्राने वाचलेल्या मजकुरामुळे. लांब एस त्याला एफ दिसतो. फरक आडव्या रेघेत असतो: एफची रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, लांब एसची फक्त डावीकडे टोकासारखी असते, किंवा नसतेच. माणसांनी टंकित केलेल्या, 2015च्या जानेवारीपासून खुल्या झालेल्या सुमारे 25,000 पुस्तकांचा मजकूर पुष्कळ भरवशाचा आहे. शोधायला तो वापरा. अवतरण मात्र पृष्ठाच्या चित्रावरूनच उतरवा. ही चित्रे बहुतेक जुन्या काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्मवरून घेतलेली असल्याने शाई पाठीमागून उमटून स्वल्पविरामासारखी दिसते. शंका आली की दुसरी प्रत पाहा. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत फरक सापडतो. कोणत्या ग्रंथालयातली प्रत पाहिली, हे चिठ्ठीवर लिहा.

प्रश्न: शीर्षकपानावरचे साल आणि चांगली आधुनिक आवृत्ती, एवढे पुरेसे नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नाही. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या एका क्वार्टोवर 1600 छापले आहे, पण ती विल्यम जॅगर्डने 1619 साली छापलेली आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी 1908 साली कागदातल्या जलचिन्हांवरून हे दाखवून दिले. अशा वेळी खरे साल द्या आणि छापलेले साल टिपेत ठेवा. आधुनिक आवृत्तीचे म्हणाल, तर हॅम्लेटच्या स्वगतातला 'सलीड' (मळलेले) हा शब्द पाहा. 1603च्या आणि 1604-05च्या क्वार्टोत तिथे 'सॅलीड' आहे, 1623च्या फोलिओत 'सॉलिड'. 'सलीड' ही संपादकांची दुरुस्ती आहे. तो शब्द या ओळीच्या आधारे 1604च्या नावावर घालता येत नाही.