ताडफळाचं योगर्ट कडू का होतं?

प्रश्न : पिकलेल्या ताडफळांचा केशरी गर वाया जातो, म्हणून आम्ही काही मैत्रिणींनी त्याचं फ्रूट योगर्ट करायला घेतलं आहे. कोमट दुधात गर, साखर आणि विरजण एकदमच घालतो. कधी छान लागतं, कधी पातळच राहतं. पहिला चमचा गोड, पण मागाहून घशाशी कडवटपणा येतो. साखर वाढवूनही तो जात नाही. काही दिवसांत पाणी सुटतं आणि एखाद्या डब्याचं झाकणही फुगतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कडूपणापासून. बाकीच्या तक्रारी दुधाच्या बाजूने सुटतील, हिचं मूळ मात्र फळात आहे. साखरेचं पोतं बाजूला ठेवा.

ताडाच्या पिकलेल्या गरात फ्लॅबेलिफेरिन नावाची सॅपोनिनं, म्हणजे साबणासारखा फेस करणारी वनस्पतींतली द्रव्यं, असतात. त्यांतली काही चांगलीच कडू, आणि त्यांचं प्रमाण फळागणिक बदलतं. म्हणून प्रत्येक फळाचा गर वेगळा काढा, जिभेवर ठेवा आणि थोडं थांबा, कारण हा कडूपणा उशिरा कळतो. जे फळ कडू निघेल ते सरळ बाजूला. ‘एवढ्या गरात एक खपून जाईल’ हा विचार नको, एक फळ सगळी घाणी बिघडवतं. उरलेला गर थोड्या पाण्यात कुस्करून चाळणीवर चोळा, म्हणजे चोथा वर राहील. मग तो स्वच्छ कापडात बांधून थंड जागी रात्रभर टांगा. निथळणाऱ्या पाण्याबरोबर बराच कडूपणा निघतो. थोडी गोडीही जाते, पण हा सौदा परवडतो. कारखान्यात यासाठी नारिंजिनेज हे विकर (एन्झाइम) वापरता येतं. ग्रेपफ्रूटच्या रसाचा कडूपणा काढणारं तेच हे. घरगुती प्रमाणावर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

आता पातळपणा. फ्लॅबेलिफेरिनांमध्ये जंतूंना रोखण्याचा गुण आहे, आणि विरजणातले जिवाणूही शेवटी जंतूच. त्यात दुधात साखर दहा-अकरा टक्क्यांच्या पुढे गेली की ते आणखी मंदावतात. तुम्ही दोन्ही अडथळे सुरुवातीलाच त्यांच्या पुढ्यात टाकता, मग कधी लागतं आणि कधी नाही, यात नवल नाही. आधी दूध लावा, गर नंतर घाला.

दूध ८५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवा. या उष्णतेने निवळीतली (व्हे) प्रथिनं उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, कवडी घट्ट होते आणि पाणी कमी सुटतं. मग ४२-४३ अंशांवर आणून स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस असलेलं योगर्टचं विरजण लावा. सामू (पीएच, आंबटपणाचं माप) ४.६ झाला की लगेच गार करायला घ्या. २० अंशांच्या आसपास आल्यावर हलक्या हाताने मोडा आणि तेव्हा गर मिसळा. रवीने घुसळू नका, पाणी सुटायचं निम्मं कारण तेच असतं.

झाकण फुगतं ते यीस्टमुळे, आणि यीस्ट येतं कच्च्या गरातून. गरात त्याच्या वाटणीची साखर घालून ८५ ते ९० अंशांवर दहा मिनिटं ढवळत तापवा, झाकून गार करा. नंतर त्यात उघडा चमचा किंवा ओलं भांडं गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. भरलेले डबे ४ अंशांच्या आसपास ठेवा.

गर किती घालावा हे विचारलं नाहीत, पण सांगतेच. पाच, आठ आणि बारा टक्के अशा तीन घाण्या करा. डब्यांवर फक्त आकडी खुणा लिहा आणि चाखणाऱ्यांना प्रमाण सांगू नका. दोन चमच्यांमध्ये पाणी प्यायला लावा, नाहीतर पहिल्या डब्याचा कडूपणा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. माझा कल आठाकडे आहे. जास्त गराने रंग देखणा येतो, पण ताडाचा वास दुधावर स्वार होतो.

प्रश्न : फळ जास्त घातलं तर त्याला योगर्ट म्हणता येतं का? आणि रंग फिका पडू नये म्हणून काय करावं?

उत्तर : आंबवलेल्या दुधासाठी कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, २००३ पासूनचं मानक आहे. त्यानुसार स्वादयुक्त प्रकारात दुधाबाहेरचे घटक वजनाने निम्म्यापर्यंत चालतात. तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. महत्त्वाची अट वेगळी आहे: योगर्टमध्ये दर ग्रॅमला विरजणाचे किमान एक कोटी जिवंत जिवाणू लागतात. म्हणजे टिकावं म्हणून तयार योगर्ट पुन्हा तापवलंत, तर ते सगळे मरतील. तापवायचा तो गर.

तो केशरी रंग कॅरोटिनॉइडांचा. उजेड आणि हवा त्यांना सोसत नाही. पारदर्शक डबे मांडायला छान दिसतात, पण तुम्ही अपारदर्शक घ्या आणि काठापर्यंत भरा. वरून रंग घालायची गरज नाही.