मित्राच्या लॅपटॉपवरचे विंडोज अपडेट कायमचे बंद करून द्यावेत का?

नाही, बंद करू नका. अपडेट येऊ द्या, फक्त रीस्टार्टची वेळ तुम्ही ठरवून द्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स असं जाऊन ‘ॲक्टिव्ह अवर्स’ मॅन्युअल करा आणि मित्राच्या कामाचे तास भरा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात, त्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. तिथलंच ‘गेट मी अप टू डेट’ मात्र बंद ठेवा, नाहीतर ते कामाच्या वेळेतही रीस्टार्ट करतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपतो ही तक्रार असेल तर तेवढं नेटवर्क ‘मीटर्ड’ करा, म्हणजे तिथे डेटा मर्यादित आहे हे विंडोजला कळेल.

कायमचे बंद का नको? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही तेच अडकले. शिवाय ज्याला सेटिंग्ज कुठे असतात हे माहीत नाही, तो बंद केलेलं पुन्हा सुरू करणार नाही, आणि तुम्हीही विसराल.

परीक्षा किंवा प्रेझेंटेशनचा आठवडा असेल तर अपडेट थोडे दिवस थांबवणारं ‘पॉज’ वापरायला हरकत नाही. एक मात्र आहे, लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं काहीच बदलू नका. ते तिथल्या आयटीवाल्यांचं काम.