जीन्सची गोधडी शिवताना सुया का मोडतात?

प्रश्न: मुलगा शिकायला बाहेरगावी गेला. त्याच्या आणि यजमानांच्या मिळून अकरा जुन्या जीन्स पडून आहेत. गोधडी शिवायला घेतली, तर मशीनच्या तीन सुया मोडल्या. आत कापूस घालावा की जुनं ब्लँकेट? सासूबाई म्हणतात, गोधडी लुगड्याचीच. या परदेशी कापडाची कसली गोधडी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, सुया कापडामुळे नाही, शिवणीमुळे मोडल्या. पँटच्या पायाची जाड शिवण बोटांत धरून बघा. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वर दोन टिपा मारलेल्या असतात. एका जागी चार पदर. अशा दोन शिवणी एकमेकींवर आल्या की आठ पदर, तिथे घरगुती मशीनची सुई हरणारच. ती उसवत बसू नका. दोन्ही बाजूंनी कापून शिवण काढूनच टाका. पायाचे चार सपाट तुकडे हाती येतात.

त्यांतून सात इंची चौकोन कापा. विरलेले गुडघे सोडले तरी एका पँटचे बारा-तेरा निघतात. प्रत्येक कडेचा अर्धा इंच शिलाईत गेला की आडवे 10 आणि उभे 14 अशा 140 चौकोनांची पाच बाय सात फुटांची गोधडी होते. तुमच्या अकरा जीन्स जेमतेम पुरतील, मात्र ताणणाऱ्या, लायक्रावाल्या वेगळ्या काढा. त्या साध्या डेनिमशेजारी लावल्या की ओढ बसून चुण्या पडतात. सुई 16 नंबरची, टाका मोठा. आणि प्रत्येक जोड शिवला की शिलाईच्या आतल्या कडा उलगडून दोन्हीकडे इस्त्रीने दाबा. एवढ्यासाठी कंटाळा करू नका. इस्त्री न करता पुढे गेलात, तर जिथे चार चौकोन भेटतात तिथे पुन्हा तीच जाड गाठ तयार होते.

आत काहीही घालू नका. नुसती वरची बाजूच दोन किलोच्या आसपास भरते. माझ्या पहिल्या गोधडीत मी जुनं ब्लँकेट घातलं होतं. पहिल्याच धुण्यात ती दोघींना पिळवेना, आणि वाळत घातली तर दोरीच तुटली. आठ दिवसांचं काम चिखलात पडलेलं बघून मला रडू आलं होतं.

सासूबाईंचं अर्धं म्हणणं खरं आहे. लुगड्याचा मऊपणा डेनिमला नाही, म्हणून अंगाकडची बाजू त्यांच्याच एखाद्या सुती लुगड्याची करा आणि काठाची पट्टी चारी कडांना लावा. परदेशी म्हणाल, तर मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरूनच इंग्रजीत 'डंगरी' (असं जाड कापड आणि त्याच्या पँटी) हा शब्द गेला. हे कापड आपल्याला अगदीच परकं नाही, असं त्यांना जरूर सांगा.

दोन्ही थर जोडायला धावदोरा घालू नका, बोटं सोलवटतील. जमिनीवर पसरून, मधून सुरुवात करून कडेकडे जात, प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर जाड सुती दोऱ्याची गाठ मारा. कडेकडून सुरुवात केली तर लुगडं मध्ये गोळा होतं. कापण्याआधी गडद जीन्स वेगळ्या दोनदा धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. डेनिमची नीळ धाग्याच्या वरवरच बसलेली असते, आत धागा पांढराच. फडकं निळं झालं तर अजून एकदा धुवा, नाहीतर लुगड्यावर डाग उतरतील.

आणि मागचा खिसा उसवलात की जरा थांबा. खाली खिशाच्या आकाराचा तुकडा दिसेल, पँट आणली त्या दिवशीच्या गडद निळ्या रंगाचा. सभोवतालचं सगळं फिकं झालेलं. मुलाच्या पँटचा तो तुकडा मधोमध, उशाकडच्या ओळीत लावा. खिसाही शेजारच्या चौकोनावर शिवून टाका, सुट्टीत आला की त्याला चष्मा ठेवायला होईल.