वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या दिवशी जिना उतरवेना

प्रश्न : ताई, मी ४६ वर्षांची आहे. बँकेत नोकरी, राहायला सहकारनगर. डॉक्टर म्हणाले, हाडं आणि स्नायू बळकट करा, म्हणून वर्षाची फी भरून जिम लावली. पहिल्याच दिवशी ट्रेनरने स्क्वॉट्स (बैठका) आणि लंजेसचे (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचे) चार-चार सेट करून घेतले. दुसऱ्या दिवशी अंग धरलं, तिसऱ्या दिवशी तर कठडा धरून जिना आडवा उतरावा लागला. त्यानंतर गेलेच नाही. दीड महिना झाला. तिथं सगळी पंचविशीतली मुलं, आरशासमोर उभं राहायलाही संकोच वाटतो. हे आपल्याला झेपणारं नाही, असंच समजू का?

उत्तर : मुळीच नाही. तुमच्याकडून पहिल्या दिवशी फार जास्त करून घेतलं गेलं, एवढंच यातून कळतं. सवय नसलेला व्यायाम केला की स्नायू दुखतात आणि ते दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं, मग आपोआप ओसरतं. स्क्वॉटमध्ये खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जाता जाता भार पेलतो. जिना उतरतानाही तेच घडतं, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं कठीण गेलं. मात्र लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, पाय सुजले किंवा छातीत दुखलं, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

माझं माहेर कसबा पेठेतलं. घरामागे तालीम होती, पण मुलींना आत मज्जाव. दादा जायचा. पहिल्या दिवशी वस्तादांनी त्याला दहा बैठका, दहा जोर करायला लावले आणि म्हणाले, "पुरे. उद्या ये." दादा हिरमुसून घरी आला होता, अजून दम होता म्हणून. पण दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्याही दिवशी गेला. मी स्वतः ४३व्या वर्षी जिममध्ये पाऊल टाकलं, तेव्हा वस्तादांचं ते 'पुरे' मला खऱ्या अर्थाने कळलं. आज नवीन बायकांना शिकवताना मी तेच धरून चालते.

तुम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढंच जा. पाच-सात मिनिटं चालून अंग गरम करा आणि मग बाकावरची उठबस. बाकाच्या कडेला बसा, पावलं खांद्यांइतकी फाकवा, टाचा जमिनीत रोवा. छाती किंचित पुढे झुकवून, हात न टेकता उठा. उठताना श्वास सोडा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहू देत, आत वळू देऊ नका. आता तीन आकडे मोजत सावकाश खाली या. बाकावर धप्पकन बसलात तर ती खेप धरू नका. अशा आठ खेपा म्हणजे एक सेट. मग दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ. स्क्वॉट म्हणतात तो हाच. आरसाही यासाठीच असतो, गुडघे बघायला. तिथली मुलं आपापले गुडघे बघत असतात, तुम्ही तुमचे बघा.

त्यानंतर मशीनवर चेस्ट प्रेस (छातीपासून दांडे पुढे ढकलणं) आणि सीटेड रो (बसून दांडा पोटाकडे ओढणं), तेही दोनच सेट. मशीनवर किती वजन उचलायचं ते ठरवणारी पिन अशा ठिकाणी घाला की सेट संपल्यावर 'अजून तीन-चार झाले असते' असं वाटेल. वजन न लावलेला मोठा बार, म्हणजे लोखंडी दांडाही साधारण २० किलोचा असतो, तेव्हा "नुसता बार उचला" म्हटलं तरी लगेच हो म्हणू नका. ट्रेनरला सरळ सांगा, "पहिला महिना मला निम्मंच करायचंय." फी तुम्ही भरली आहे, सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर तेही त्याच वेळी सांगा.

प्रोटीन पावडरची आत्ता घाई नको. जेवणात वाटीभर उसळ, दही आणि खात असाल तर अंडी असू देत. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

एक वही मात्र न्याच. तारीख, व्यायाम, पिन कितीवर, खेपा किती. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसू लागल्यामुळे. दंड-मांड्यांत फरक दिसायला त्याहून बराच वेळ लागतो. त्या काळात आरसा काहीच सांगणार नाही, पण पिन एक घर खाली सरकलेली वहीत दिसेल. माझ्या पहिल्या वहीत चेस्ट प्रेसपुढे पाच किलो लिहिलंय, ते पान मी अजून जपून ठेवलंय.

येत्या सोमवारी जा. आठ आणि आठ उठबस, दोन मशीन, अर्ध्या तासात बाहेर. बुधवारी जिना उतरताना कसं वाटलं, ते मला नक्की लिहून कळवा.