पुटी, पुटिका आणि ‘मूलपेशीजन्य’मधला ‘जन्य’

प्रश्न असा आहे : “‘मेंदूच्या गाठीवर मूलपेशीजन्य पुटिकांचा संभाव्य उपचार’ असे एका लेखाचे शीर्षक वाचनात आले. शब्दकोशात सिस्टसाठी ‘पुटी’ हा शब्द सापडतो. मग पुटिका म्हणजे लहान पुटी का? आणि पुटी हीच एक गाठ असेल, तर गाठीवर गाठीचा उपचार कसा काय?”

शंका रास्त आहे, कारण दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. संस्कृतात ‘पुट’ म्हणजे घडी, खळगा किंवा मिटलेली पोकळी. जोडलेल्या हातांना करसंपुट म्हणतात, नाकपुडीला नासापुट म्हणतात, आणि शरावांत म्हणजे मातीच्या परळांत बंद केलेल्या औषधाला दिलेल्या आचेला वैद्य पुटच म्हणतात. या सर्व अर्थांत आवरण आणि त्याच्या आतली जागा या दोन गोष्टी समान आहेत. शरीरशास्त्राच्या परिभाषेत मात्र दोन शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुटी म्हणजे ऊतींत तयार झालेली, बहुधा द्रवाने भरलेली पिशवी, जिच्या भिंतीतच असंख्य पेशी असू शकतात. येथे अभिप्रेत असलेली पुटिका म्हणजे पेशीने बाहेर सोडलेला, मेदाच्या दुहेरी पटलात गुंडाळलेला अतिसूक्ष्म कण. तिच्यात एकही पेशी नसते, आणि ती वाढत नाही की विभागतही नाही. अशा अनेक पुटिकांचा व्यास 30 ते 150 नॅनोमीटर असतो. म्हणजे एक सेंटिमीटरची पुटी शंभर नॅनोमीटरच्या पुटिकेहून सुमारे एक लाखपट रुंद ठरते. ‘लहान पुटी’ हा अर्थ व्याकरणाने निघत असला तरी वस्तुस्थितीने निघत नाही.

‘पुट’पासूनच आपल्या रोजच्या बोलण्यातली पुडी आली आहे, आणि माझ्या मते अर्थाच्या सर्वांत जवळ तीच जाते. पुटिकेच्या आत पेशीतील प्रथिने, मेद आणि आरएनएचे तुकडे असतात; ती दुसऱ्या पेशीशी जोडली गेली की आतला ऐवज तिकडे पोहोचू शकतो. शास्त्रीय लेखात ‘पुडी’ लिहावे असे मी सुचवणार नाही, पण व्याख्यानात एकदा हा शब्द उच्चारला की श्रोत्यांच्या मनातली गाठ निघून जाते.

आता ‘जन्य’कडे येऊ, कारण शीर्षकातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच आहे आणि बातम्यांत नेमका तोच गळतो. मूलपेशी (स्टेम सेल) म्हणजे विभागत राहून इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणारी पेशी. ‘मूलपेशींचा उपचार’ म्हटले की जिवंत पेशी रुग्णाच्या शरीरात सोडल्या असा अर्थ होतो. ‘मूलपेशीजन्य पुटिका’ म्हटले की पेशी प्रयोगशाळेतच राहिल्या आणि त्यांनी सोडलेले कण तेवढे वेगळे करून वापरले, असा. रोपण केलेली पेशी शरीरात विभागत राहण्याची जी धास्ती असते, ती पुटिकांच्या बाबतीत उरत नाही. संशोधकांचे लक्ष तिकडे वळण्याचे हे एक मोठे कारण आहे. एका शब्दाने एवढा फरक पडत असल्यामुळे जागा वाचवण्यासाठी तो गाळू नये.

या कणांना ‘एक्झोसोम’ही म्हणतात. 1983मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या अपरिपक्व लाल रक्तपेशींचा अभ्यास करीत असताना अशा पुटिका बाहेर पडताना दिसल्या, आणि 1987मध्ये त्यांनी त्यांना हे नाव दिले. पुढे पेशीतल्या आरएनएचे विघटन करणाऱ्या एका प्रथिनसमूहालाही हेच नाव मिळाले. शिवाय एक्झोसोम म्हणजे पेशीतील एका विशिष्ट मार्गाने तयार झालेली पुटिका, आणि गोळा केलेली प्रत्येक पुटिका त्याच मार्गाने आली हे सिद्ध करणे कठीण असते. म्हणून या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘पेशीबाह्य पुटिका’ हे व्यापक नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. मराठीतही तेच वापरावे. सौंदर्योपचारांच्या जाहिरातींनी ‘एक्झोसोम’ला आलेली झळाळी हेही त्याला टाळण्याचे एक कारण समजावे.

शीर्षकातील ‘संभाव्य’ हे विशेषण शोभेचे नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत आक्रमक कर्करोगात शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध अशी उपचारपद्धती 2005पासून रूढ आहे. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो कालावधी) 12.1 महिने होते, ते औषधाच्या जोडीने 14.6 महिने झाले. मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही, हा एक मोठा अडसर आहे. 2013मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून मिळवलेल्या, मायक्रोआरएनए-146बी (जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारा आरएनएचा एक छोटा रेणू) भरलेल्या पुटिका उंदरांच्या गाठीत टोचल्या, तेव्हा गाठीची वाढ कमी झाली. 2018मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने मायक्रोआरएनए-124ए भरलेल्या पुटिका गाठीत न टोचता रक्तावाटे दिल्या, आणि काही उंदीर दीर्घकाळ जगले. गाठीत टोचणे आणि रक्तावाटे देणे यांतला फरक लक्षात ठेवावा, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीच्या प्रश्नाला या दोहोंपैकी 2018चा प्रयोगच भिडतो. हे दोन्ही प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. ‘संभाव्य’ गाळला तर वाचक उपचार रुग्णालयात मिळतो असे समजेल. गाठीच्या पेशीही स्वतःच्या पुटिका सोडतात आणि त्या गाठीच्या वाढीला मदत करतात, म्हणून नुसते ‘पुटिकांचा उपचार’ असे लिहिणेही अपुरे आहे.

राहता राहिला ‘गाठ’. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांचे वेगवेगळे वर्णन आहे, पण आज ‘ग्रंथी’ थायरॉइडसारख्या अवयवांसाठी पक्का झाला आहे आणि ‘अर्बुद’ परिभाषेपुरता उरला आहे. सर्वसाधारण वाचकासाठी ‘गाठ’ योग्यच. मात्र लेख ग्लायोब्लास्टोमाविषयी असेल तर ते नाव शीर्षकातच यावे, कारण मेंदूतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मी शीर्षक असे लिहीन : ‘ग्लायोब्लास्टोमावर मूलपेशीजन्य पेशीबाह्य पुटिका : प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसलेली शक्यता’. ते लांब आहे, हे मान्य.