डोळे लाल झाल्यावर घरात उरलेले थेंब घातले तर चालतात का?

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर डोळे लाल आहेत, खाजतात, कपाटात गेल्या वर्षीचे थेंब उरलेत; तेच घालू का, आणि घरच्या घरी डोळ्यांची काळजी कशी घ्यायची. पहिल्या भागाचं उत्तर: नाही. ती बाटली टाकून द्या.

इतकं तोडून सांगते, कारण माझी आई.

आईचे डोळे दरवर्षी ठरावीक दिवसांत खाजायचे. ॲलर्जी. एका वर्षी डॉक्टरांनी स्टेरॉईडचे थेंब दिले आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं, दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी लाली गेली, खाज गेली, आई खूश. पुढच्या वर्षी खाज सुरू झाली तेव्हा दादा रिकामी बाटली दाखवून तसलीच नवी घेऊन आला. ‘एवढ्यासाठी डॉक्टर कशाला? आजार तोच, औषध तेच.’ मी म्हटलं, एकदा विचारून तरी घेऊ. तर म्हणे, तुला प्रत्येक गोष्टीची भीतीच वाटते. मग तीच पद्धत पडली. पुढे पुढे खाज नसली तरी झोपताना एकेक थेंब, डोळे हलके वाटतात म्हणून. चार वर्षं. थेंब बहुतेक वेळा मीच घालायचे, हे मी विसरलेले नाही.

स्टेरॉईडने लाली झटपट उतरते, म्हणून माणूस फसतो. डोळ्याच्या आत सतत एक द्रव तयार होतो आणि निचरून जातो. काही जणांमध्ये हे औषध तो निचरा अडवतं, डोळ्याचा दाब चढतो आणि त्या दाबाने डोळ्यामागची नजरेची नस हळूहळू वाळते. दुखत काहीच नाही. समोरची अक्षरं नीट दिसत राहतात, कारण आधी जाते ती कडेची नजर. आई दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून घ्यायला लागली. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं.

चष्म्याचा नंबर बघायला गेलो तेव्हा दाब मोजला गेला. साधारण १० ते २१ असावा, तिच्या डाव्या डोळ्यात ३८ निघाला. मग ती ठिपक्यांची तपासणी, ज्यात ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. मी तपासणाऱ्या बाईंच्या पडद्याकडे बघत होते. ठिपका उमटायचा, विझायचा, आणि आईचा अंगठा जागचा हलायचा नाही.

काचबिंदू. थेंब बंद केले, दाबाचं औषध सुरू झालं, दाब उतरला. गेलेली नजर आली नाही. मोतीबिंदूत भिंग बदलता येतं, वाळलेली नस बदलता येत नाही.

दादा आजही म्हणतो, ‘डॉक्टरांनीच तर दिलं होतं.’ दिलं होतं, १४ दिवसांसाठी. आणि ‘आजार तोच’ हे तू कशावरून ठरवलंस? लाल डोळा ॲलर्जीचा असतो, जंतूंचा असतो, बुबुळावर नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असते. त्या जखमेवर स्टेरॉईड पडलं तर ती आणखी पसरते. बाहेरून तिन्ही डोळे लालच दिसतात.

आता घरी काय करायचं ते. खाजेला थंड पाण्याची घडी ठेवा, चोळू नका. रांजणवाडीला कोमट शेक द्या, पिळू नका. कोरडेपणासाठी वंगणाचे थेंब चालतात, पण तेही उघडल्यावर महिनाभरात टाकायचे (लेबलवर वेगळं लिहिलं नसेल तर) आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही. थेंब एकच पुरतो. दुसरा गालावरच येतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. लेन्स वापरत असाल तर डोळा लाल असताना लेन्स अजिबात नको, आणि नळाच्या पाण्याने ती कधीच धुऊ नका. डोळ्यात रसायन उडालं तर फोन शोधत बसू नका, निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा, मग दवाखाना.

दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, तर घरचे उपाय थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. तुमचा तर आठवडा झालाय. तसंही दाखवाच.

एक राहिलं. ज्यांना सध्या डॉक्टरांनी स्टेरॉईड दिलंय, ऑपरेशननंतर किंवा आतल्या सुजेसाठी, त्यांनी माझं वाचून ते परस्पर बंद करू नये. तिथे ते डोळा वाचवतं. माझं भांडण औषधाशी नाही, रिकामी बाटली दाखवून नवी आणण्याशी आहे.

काचबिंदू असलेल्यांच्या मुलांना आणि भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून माझी तपासणी दरवर्षी होते. दादा पन्नाशीला आला. त्याने दाब अजून एकदाही मोजून घेतलेला नाही. म्हणतो, मला सगळं स्वच्छ दिसतं. आईलाही दिसत होतं, दादा.