शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, आता चाळिशीत जलरंग शिकायचे आहेत. साहित्य काय घेऊ, क्लास लावू का?

इंटरमिजिएट दिलीय म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र हातून गेलंय, कोऱ्या कागदाची भीती नाही. हे भांडवल कमी नाही. पण शाळेत आपण बहुतेकांनी पोस्टर कलर वापरले. बिघडलं की वरून थर द्यायचा, उजेड हवा तिथे पांढरा लावायचा. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो आधीपासून राखायचा आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं. ही उलटी सवय लागायला वेळ जातो, तेवढा जाऊ द्या.

साहित्याचं विचाराल तर रंग स्वस्त चालतील, कागद नाही. कॅमलच्या साध्या ट्यूब पुरेत, पण कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणि जमलं तर कॉटनचा घ्या. पातळ कागद ओला झाला की फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि बिचाऱ्या नवशिक्याला वाटतं, आपल्याच हातात कला नाही. महाग वाटला तर २२ बाय ३० इंचाची पूर्ण शीट आणून तिचे आठ तुकडे करा, पाठपोट वापरा. ब्रश दोन बस झाले: आठ किंवा दहा नंबरचा गोल आणि एक इंची फ्लॅट. बारीक ब्रश सध्या दुकानातच राहू द्या. तो हातात आला की माणूस कौलं मोजत बसतो.

पहिले काही आठवडे एकच रंग घ्या, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) किंवा पेन्स ग्रे (निळसर राखाडी). कंटाळवाणं वाटेल, पण सगळी गोम इथेच आहे. ओट्यावरचं पातेलं, खिडकीतली कुंडी, काहीही समोर ठेवा, डोळे बारीक करून बघा आणि उजळ, मधला, गडद असे तीनच टोन रंगवा. टोन बरोबर असतील तर आकाश जांभळं केलंत तरी चित्र उभं राहतं. टोन चुकले तर कितीही सुंदर रंग लावा, ते सपाटच दिसतं. सावंतवाडीच्या चित्रकार हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही नक्की कुठे ना कुठे पाहिलं असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, प्रत्यक्षात ते जलरंगातलं आहे. दिव्याआड धरलेल्या हाताची बोटं कशी पेटल्यासारखी दिसतात बघा, आणि मग भोवतालचा काळोख किती ठिकाणी किती वेगवेगळा आहे तेही बघा.

याच्या जोडीने वॉशचा, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर देण्याचा, सराव. बोर्ड किंचित तिरका ठेवा, ब्रश रंगाने भरून वरून आडवा फटका मारा. खालच्या कडेला रंगाचा ओघळ साचतो, पुढचा फटका त्या ओघळाला धरूनच घ्यायचा. तळाशी आलात की ब्रश पिळून उरलेलं पाणी टिपून घ्या आणि हात काढा! अर्धवट सुकलेल्या वॉशमध्ये पुन्हा ओला ब्रश घातला की पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि कातरलेल्या कडांचा डाग पडतो. कागद तिरक्या उजेडात धरून बघत जा. तो चकाकत असतो तोवर रंगात रंग मिसळतो. चकाकी गेली पण गारवा आहे, तेव्हा हात लावू नका. पूर्ण सुकला की पुढचा थर. मे महिन्यात नागपुरात हे सगळं डोळ्यांदेखत उरकतं, जुलैत रत्नागिरीला तोच वॉश सुकेपर्यंत चहा होतो. पुस्तकातली मिनिटं म्हणूनच कामाची नाहीत.

मग रंग. लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढ्यावर वर्ष निघतं. काळी ट्यूब बाजूला ठेवा. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की हवे तेवढे राखाडी मिळतात, निळा जास्त तर पावसाळी ढग, सिएना जास्त तर जांभ्या दगडाची सावली. झाडांसाठी ट्यूबमधला तयार हिरवा नुसता लावू नका, फार भडक दिसतो. त्यात सिएनाचा ठिपका टाका, झाड जमिनीत रुजतं. आणि ओला रंग दिसतो त्यापेक्षा सुकल्यावर फिका पडतो, म्हणून सुरुवातीला वाटतं त्याहून थोडा गडदच लावा.

पुढची पायरी म्हणजे कडा: कुठे धारदार ठेवायची, कुठे पाण्यात हरवू द्यायची. हे वाचून येत नाही. त्यासाठी बाहेर बसून काम करावं लागतं, कारण ऊन सरकतं आणि काय गाळायचं ते झटपट ठरवावं लागतं. विषयासाठी हिमालयात जायची गरज नाही. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरातलीच रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी रंगवत राहिले.

क्लासबद्दल: लावण्याआधी एक दिवस नुसतं बसून बघा. शिक्षक कोऱ्या कागदापासून शेवटपर्यंत समोर डेमो देत असतील आणि नंतर तुमच्या चित्राला हात न लावता चूक दाखवत असतील, तर जरूर लावा. छापील चित्र ट्रेस करून रंग भरायला देत असतील तर फी वाचवा. तुमच्या गावात रविवारी स्केचिंगला जाणारा एखादा गट असेल तर तिथे पहिल्या महिन्यापासून जा, चित्र येत नसलं तरी.